तिसरा आग्रह

टक.

घर अजून झोपेत होतं आणि त्या झोपलेल्या घरात जिन्यावर टूरेचा डावा गुडघा वाजला. वाळकी काटकी मोडावी तसा, एकदाच. खाली स्वयंपाकघरात चुलीपाशी उभ्या असलेल्या गुनवोरचा हात कॉफीच्या डब्यात तेवढ्यापुरता थांबला.

हा आवाज ओळखणारी ती एकटीच. रविवारी कारखान्याच्या मैदानावर तिच्या नवऱ्याला बघायला अख्खं ब्रेदफोर्स लोटायचं. नऊ हंगाम तो गावच्या फुटबॉल क्लबचा लेफ्ट बॅक होता. अकरा वेळा देशाचा पिवळा सदरा त्याने अंगात घातला होता. वर्तमानपत्रवाले त्याला 'फाटक' म्हणायचे, कारण त्याच्या बाजूने कोणी आत शिरत नसे. पण फाटकाची बिजागरी मार्चपासून कुरकुरायला लागली आहे, हे वर्तमानपत्रवाल्यांना ठाऊक नव्हतं. क्लबच्या डॉक्टरलाही नाही, आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सासू-सासऱ्यांनाही नाही.

"सीव उठली?" तिने विचारलं.

"मोजे घालतेय. एक उलटा, एक सुलटा."

"सरपण आणशील?"

"आणतो."

बुधवारपासून दोघं एवढंच बोलत होती. मोजे, सरपण, दूध. बुधवारी संध्याकाळी इटलीहून आलेला साल्वान्यो नावाचा गृहस्थ वर त्यांच्या टेबलाशी बसून कॉफी पिऊन गेला होता, आणि तो गेल्यापासून त्या विषयावर दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नव्हतं.

आज तर उघडायला सवडही नव्हती. आज सासऱ्यांना साठ वर्षं पूर्ण होत होती. साठीला आमंत्रण द्यावं लागत नाही, ज्याला यायचं तो येतो, आणि ब्रेदफोर्समध्ये यायचं नाही असं कोणाच्या मनात असणं शक्य नव्हतं. पंचेचाळीस वर्षं म्हाताऱ्या हिल्डिंगने रोलिंग मिलमध्ये लाल तापलेल्या लोखंडाशी काढली होती.

सहा वाजता कॉफीचा ट्रे, मेणबत्ती आणि कुरणातून तोडून आणलेली फुलं घेऊन सगळे त्याच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. हिल्डिंग पहाटे चारलाच उठून दाढी करून परत पांघरुणात शिरला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वाढदिवसाच्या माणसाला गाऊन उठवायची रीत, म्हणून त्याने झोपलेलं असायला हवं. गाणं सुरू झाल्यावर त्याने डोळे किलकिले केले.

"आँ? आज काय आहे?"

"आजोबा, तुमच्या कानाला साबण लागलाय," पाच वर्षांची सीव म्हणाली.

"तो कालचा," आजोबा म्हणाले आणि कॉफीचा कप उचलला.

दुपारच्या पाहुण्यांसाठी सासूबाई चार दिवस भट्टीपाशी होत्या. बिस्किटांचे सात प्रकार. सहा केले तर बाई चिक्कू, आठ केले तर मिरवणारी. आल्फ्रिदाबाईंनी चाळीस वर्षांत सातचे कधी आठ केले नव्हते. जेवणघरात पांढरी चादर घातलेल्या टेबलावर त्या ताटल्या मांडत होत्या आणि सीव हाताची घडी घालून बघत होती.

"पाहुण्यांनी तुला बिस्कीट दिलं तर पहिल्यांदा काय म्हणायचं?"

"नको, आभारी आहे."

"दुसऱ्यांदा?"

"खरंच नको."

"आणि तिसऱ्यांदा?"

"इतकं म्हणताय तर एक घेते."

"शहाणी माझी ती."

"पण आजी, मला पहिल्यापासूनच हवं असतं."

"ते सगळ्यांनाच असतं, बाळ. म्हणून तर विचारणारा तीनदा विचारतो."

गुनवोर दारात कप पुसत उभी होती. एकच कप ती बराच वेळ पुसत राहिली.

बुधवारी साल्वान्यो सगळं नीट बोलला होता. तिकडच्या एका क्लबशी तीन वर्षांचा करार. समुद्रापासून फार लांब नसलेलं शहर. राहायला घर, अंगणात अंजिराचं झाड. शेवटी कपाखालची बशी बाजूला सारून त्याने विचारलं, "तर मग, येणार?"

टूरेने टेबलाच्या लाकडावरची रेघ बोटाने चाचपली आणि म्हणाला, "नको, आभारी आहे. माझ्यासारख्याला फारच होतं ते."

हे अगदी बरोबर होतं. असंच म्हणायचं असतं.

मग तो पाहुणा गुनवोरकडे वळला. "आणि बाईसाहेब, तुम्ही काय म्हणता?"

आणि ती म्हणाली, "आमचं इथे बरं चाललंय की." असं म्हणून तिने त्याचा कप परत भरला.

तेही बरोबरच होतं. नको दोनदा म्हणून झालं होतं, आता त्याने तिसऱ्यांदा विचारायचं होतं. साल्वान्योने दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, कॉफी संपवली, टोपी डोक्यावर ठेवली, वेळ दिल्याबद्दल आभार मानले आणि जिना उतरून गेला. खाली फाटकाची कडी वाजली. दोघं बसून राहिली. उद्या येईल, असं गुनवोरला वाटलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. साल्वान्यो पूर्वी गोथेनबर्गच्या बंदरावर दोन वर्षं लिंबं विकत होता, भाषा तिथेच शिकला होता, आणि बंदरावर कोणी कोणाला आग्रह करत नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

तिला जायचं होतं. अंजिरासाठी नव्हे. क्लबसाठी खेळतोय तोवर टूरेला कारखान्याने कोठारात बसायचं काम दिलं होतं. ज्या दिवशी खेळणं थांबेल, त्या दिवसापासून परत रोलिंग मिल, परत भट्टीसमोर दिवसभर उभं राहणं, आणि तेही या गुडघ्यावर. खेळणं थांबायला फार तर दोन वर्षं होती. दोन वर्षांचा गुडघा तीन वर्षांच्या कराराला पुरवून नेता आला असता. त्यातून जे हाती लागलं असतं त्यात परत येऊन एक सायकलदुरुस्तीचं दुकान, खुर्चीवर बसून करायचं काम.

उलट बाजूलाही काही कमी नव्हतं. पगार घेऊन परदेशी खेळला की पिवळा सदरा कायमचा गेला. असोसिएशनचा नियमच होता. परत आल्यावर इथल्या लीगमध्येही पाय ठेवता आला नसता. गेल्या दोन उन्हाळ्यांत निम्मा देशाचा संघ तिकडे गेला होता आणि त्यांची नावं हिल्डिंगच्या टेबलावर कोणी काढत नसे. 'खेळ रविवारचा, भाकरी कामाची,' हे हिल्डिंगचं वाक्य. टूरे त्याच्याच मुशीतला. म्हणून बुधवारी तो नको म्हणाला तेव्हा गुनवोरला क्षणभर वाटलं होतं, याचं नको खरंच नको तर नाही ना? ते विचारायला हवं होतं. विचारलं नाही, आणि आज रविवार.

दीड वाजल्यापासून माणसं यायला लागली. रोलिंग मिलचे लोक रविवारचे काळे कोट घालून भिंतीला टेकून उभे राहिले. बायका ताटल्यांभोवती फिरल्या. जो तो दोनदा नको म्हणत होता आणि तिसऱ्यांदा घेत होता. हिल्डिंग आरामखुर्चीत बसून एकेकाचा हात हातात घेत होता, आणि दर चौथ्या माणसाला तेच सांगत होता.

"इटलीला नाही म्हणाला माझा पोरगा. एका शब्दात."

"दोन शब्दांत, बाबा," त्याची थोरली मुलगी डागनी म्हणाली. "'आभारी आहे' हेही म्हणाला असेल. आईने वळण लावलंय."

"चालेल. पण नाही म्हणाला."

"आणि तेही बोडक्या डोक्याने," भिंतीपाशी उभा एक म्हातारा म्हणाला आणि लोक हसले.

ब्रेदफोर्सच्या टोपीवाल्याची पद्धत होती, क्लबसाठी गोल करणाऱ्याला एक टोपी भेट. नऊ हंगामांत टूरेने एकही गोल केला नव्हता. लेफ्ट बॅकचं ते कामच नव्हे. त्याने गोल केला होता तो एकदाच, चार वर्षांपूर्वी पावसात, स्वतःच्याच जाळ्यात, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या कामाच्या बाकावर टोपीचं नुसतं रिकामं खोकं ठेवून गेलं होतं.

टूरे खिडकीपाशी उभा होता. तो हसला, पण थोडा उशिरा.

डागनीचा नवरा स्टेलान अडीचला आला. तो कारखान्याच्या कचेरीत होता आणि क्लबचा सेक्रेटरीही. टूरेने इटलीला नकार दिला ही बातमी गावभर पसरवणारा तोच. त्याने सासऱ्याचं अभिनंदन केलं, बिस्किटाला दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा दोन घेतली, आणि मग कॉफी हवी म्हणून स्वयंपाकघरात आला. तिथे कॉफी नव्हती, गुनवोर होती.

"तो लिंबूवाला नूरबूला गेला होता," तो चुलीकडे बघत म्हणाला. "त्यांचा सेंटर-हाफ बघायला. आज चार-दहाच्या गाडीने परत चाललाय. इंजिनात पाणी भरायला गाडी इथे सात मिनिटं थांबते."

"मला का सांगताय?"

"मी कुठे सांगतोय? क्लबचा सेक्रेटरी असलं काही सांगत नसतो." त्याने बिस्कीट कॉफीशिवायच चावलं. "पण मी मे महिन्यात टूरेला जिना चढताना मागून बघितलं, गुनवोर. कचेरीच्या जिन्यावर. मला कान आहेत."

"डागनीला बोललात?"

"डागनीला सांगणं म्हणजे वर्तमानपत्रात देणं." तो वळला. "क्लबला फाटक हवंय. माझ्या बायकोच्या भावाला पाय हवेत. मला काय हवंय ते कोणी विचारलेलं नाही."

तो गेला. गुनवोरने घड्याळ पाहिलं, मग जेवणघराच्या दारात जाऊन टूरेला म्हणाली, "जरा ती वरची बरणी काढून देतोस?"

कोठीच्या खोलीत कोणतीच वरची बरणी नव्हती. दार लावलं की दोन माणसांना एकमेकांच्या कोटाला टेकूनच उभं राहावं लागे. खारवलेल्या माशांचा आणि वेलदोड्याचा वास होता.

"चार-दहाच्या गाडीत तो आहे," ती म्हणाली.

टूरेने दार पाठीने नीट लावून घेतलं.

"बुधवारी नको म्हणालास, ते कसलं नको होतं?"

"पहिलं," तो म्हणाला.

तिने श्वास सोडला.

"आणि तू म्हणालीस, आमचं बरं चाललंय. ते?"

"दुसरं."

बाहेर कोणीतरी कप आपटून ठेवला. टूरेने फळीवरच्या मिठाच्या गोणीवर हात ठेवला, जणू ती पडणार होती.

"मला वाटलं तुला जायचं नाही," तो म्हणाला. "आईबाबांना सोडून, सीवला घेऊन. तू म्हणालीस तेव्हा मी म्हटलं, संपलं."

"मला वाटलं तुला सदरा सोडवत नाही."

"सोडवत नाहीच. पण सदरा आहे तो. गुडघा नाही."

"मग जा."

"कुठे?"

"स्टेशनवर. सांग त्याला."

"काय सांगू?"

"येतो म्हण."

टूरेने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खायला सांगितलं होतं. "त्याने विचारलंच नाही तर? आपण होऊन म्हणायचं, मला घ्या?"

"त्याने विचारलं होतं, टूरे. आपणच उत्तर दिलं नाही."

"गुनवोर, बाहेर चाळीस माणसं बसलीत. बाबा दर पाच मिनिटांनी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "आज त्यांची साठी आहे."

"मला माहीत आहे आज काय आहे. केक मी केलाय."

दारावर टकटक झाली. डागनीचा आवाज आला. "नवराबायको बरण्या मोजताय का? मॅनेजरसाहेब आलेत."

कारखान्याचे मॅनेजर म्हणजे क्लबचे अध्यक्षही. उंच, पडशाने सदा नाक लाल. त्यांच्याबरोबर एक माणूस दोन खोकी घेऊन आला होता. पहिल्यातून पंचेचाळीस वर्षांच्या नोकरीबद्दल हिल्डिंगला खिशातलं घड्याळ मिळालं. भाषण झालं, लोकांनी चारदा जयजयकार केला, हिल्डिंग उठून उभा राहिला आणि घड्याळ कानाला लावलं. "चालतंय," म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठं भाषण कोणी ऐकलं नव्हतं.

"आणि आता," मॅनेजरसाहेब म्हणाले, "दुसरी गोष्ट. बापासारखा मुलगा. या आठवड्यात आपल्या टूरेने जे केलं ते मला कळलं. मोठमोठे खेळाडू गेले. हा राहिला. मंडळी, मी तर याला गोलच म्हणतो. ब्रेदफोर्ससाठी केलेला सर्वात सुंदर गोल. आणि गोल करणाऱ्याला आपल्याकडे काय मिळतं?"

खोक्यातून टोपी निघाली. राखाडी, रुंद काठाची, आत रेशमी अस्तर.

लोक हसले, टाळ्या वाजल्या. टूरेच्या मानेपासून कानापर्यंत रंग चढत गेला.

"नको, आभारी आहे," तो म्हणाला. "मी काही केलेलं नाही."

"घे, टूरे."

"खरंच नको. मला नाही पाहिजे ती."

"अरे, घे म्हणतो ना." मॅनेजरसाहेब इथलेच होते. त्यांनी तीनदा विचारलं, आणि चौथ्यांदा वाट न बघता टोपी त्याच्या डोक्यावर ठेवून दिली.

टोपी अगदी मापाची होती. टूरे तिच्याखाली उभा राहिला. गुनवोरने आयुष्यात त्याला कोणाच्या टॅकलपुढे असा उभा राहिलेला पाहिलं नव्हतं. तिने घड्याळ पाहिलं. चारला वीस मिनिटं कमी होती. आता या टोपीनंतर हा घराबाहेर कसा पडणार, हे तिला कळेना.

तेवढ्यात आल्फ्रिदाबाई केकची सुरी हातात घेऊन म्हणाल्या, "टूरे, साय संपली."

गुनवोरने त्यांच्याकडे पाहिलं. साय संपली नव्हती. कोठीत खालच्या फळीवर फडक्याने झाकलेलं भांडं भरलेलं होतं, तिने स्वतः सकाळी ठेवलं होतं, आणि सासूबाईंनी ते दोनदा उघडून पाहिलं होतं.

"सायकल घे आणि डेअरीतून घेऊन ये," सासूबाई म्हणाल्या. "मॅनेजरसाहेबांना कोरडा केक द्यायचा का?"

डेअरी स्टेशनच्या समोर होती.

"पण आज रविवार..." आरामखुर्चीतून हिल्डिंग म्हणाला.

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पावात सुरी घालून तो आतून भाजलाय का बघावा, तेवढाच. हिल्डिंगने नवं घड्याळ तळहातावर उलटं केलं, सुलटं केलं. चाळीस माणसांपैकी निदान पस्तीस जणांना माहीत होतं की रविवारी डेअरी बंद असते.

"आज रविवार आहे," हिल्डिंग म्हणाला, "रस्त्याला गर्दी नसेल. जा. गाड्या बघून जा."

टूरेने टोपी काढली, सीवच्या डोक्यावर ठेवली आणि बाहेर पडला. दाराशी पायरी उतरताना गुडघा वाजला. स्टेलान मोठ्याने खोकला.

केक सायीशिवाय कापला गेला. मॅनेजरसाहेबांनी दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा तुकडा घेतला, आणि सायीची कोणालाच आठवण राहिली नाही. गुनवोर कप गोळा करत होती, भरत होती, परत गोळा करत होती. चार वाजून बारा मिनिटांनी दरीतून गाडीची शिटी आली. बोलणं सुरूच होतं. फक्त हिल्डिंगने घड्याळ उघडून बघितलं आणि मिटलं. सात मिनिटं. गुनवोरने त्या सात मिनिटांत अकरा कप धुतले. मग दुसरी शिटी झाली आणि डबे पुलावरून गेल्याचा आवाज आला, लांब, एकसारखा.

स्वयंपाकघरात सासूबाई येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. फडकं घेतलं, कप पुसायला लागल्या.

"तुम्हाला कसं कळलं?" गुनवोरने विचारलं.

"चाळीस वर्षं मी एका माणसाचे पाय बादलीत घालून शेकलेत," त्या म्हणाल्या. "जिन्यावरचा आवाज मला काय नवा? आणि कोठीची भिंत पातळ आहे."

"बाबांना राग येईल."

"येऊ दे. त्याला नवीन घड्याळ मिळालंय, ते बघत बसेल." मग कप पालथा घालून म्हणाल्या, "त्यालाही कळलंय, गुनवोर. रस्त्याला गर्दी नसेल म्हणाला ना. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी एवढं खोटं कधी बोलला नव्हता."

पाच वाजत आले तेव्हा पाहुणे पांगायला लागले. मॅनेजरसाहेब गेले, मिलची माणसं गेली. अंगणात सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग पायरीवर, टक.

टूरे मागच्या दाराने आत आला. हात रिकामे होते.

"साय मिळाली?" जेवणघरात अजून बसलेल्या दोन शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात आल्फ्रिदाबाईंनी विचारलं.

"डेअरी बंद होती."

"अगबाई, रविवार नाही का आज," त्या म्हणाल्या. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, फडकं दांडीवर टाकलं आणि शेजारणींकडे गेल्या. जाताना दार ओढून घेतलं.

टूरे टेबलाशी बसला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सीव होती. कपाळावरून नाकापर्यंत आलेली राखाडी टोपी, समोर दिवसभरात जमवलेल्या बिस्किटांची रांग. ती एकेका बिस्किटाची कड कुरतडत होती.

"भेटला?" गुनवोरने विचारलं.

"भेटला. फलाटावरच फेऱ्या मारत होता."

"विचारलंस?"

"विचारलं." त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "म्हटलं, बुधवारचं ते, अजून असेल तर मी येतो. असंच म्हटलं. शब्दाला शब्द."

गुनवोर त्याच्या समोर बसली. तिचे हात ओले होते, ते तिने मांडीवर ठेवले. नऊ हंगामांत हा माणूस चेंडूशिवाय कोणाकडे काही मागायला गेला नव्हता.

"मग?"

"नाही म्हणाला. नूरबूच्या सेंटर-हाफने काल सही केली. त्यांना तीनच परदेशी ठेवता येतात. तिसरा तो झाला."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बरोबर आहे. चांगला खेळाडू आहे तो, डोक्याने चेंडू छान काढतो." टूरेने टेबलावरचा एक कण बोटाने उचलला. "त्याची बॅग जड होती. डब्यात चढवून दिली."

बाहेर डागनी खुर्च्या आत आणत होती, त्या जमिनीला घासल्या.

"म्हणाला, तुम्ही बुधवारी नको म्हणालात, मी म्हटलं माणसाचा शब्द स्पष्ट आहे. त्याला वाईट वाटलं असावं. हात बराच वेळ धरून ठेवला होता."

"आणि लगेच गाडी सुटली?"

"नाही. पाणी भरत होते इंजिनात. पाचेक मिनिटं होती. तो खिडकीत उभा, मी खाली."

"काही बोललात?"

"हवा बरी आहे म्हणाला. म्हटलं, हो, बरी आहे."

गुनवोरने मान हलवली. उद्या सोमवार. सहाची पाळी, कोठारातलं काम, मंगळवारी सराव. पुढच्या रविवारी मैदानावर लोक टोपीवरून हसतील, आणि टूरे हसेल, थोडा उशिरा. तिने हात पुढे करून त्याचा गुडघा टेबलाखाली धरला. विजारीच्या कापडातूनही तो गरम लागला. सायकल त्याने जोरात हाणली असणार. त्याने तिचा हात तिथेच राहू दिला.

सीवने टोपी दोन्ही हातांनी वर सारली. एक डोळा दिसला, मग दुसरा. ती बापाकडे बघत नव्हती. बाप दमला होता, ते तिला दिसत होतं. ती आईकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तो काका एकदाच नको म्हणाला ना? मग गाडी उभी होती तर बाबाने परत का नाही विचारलं?"